अडीच सेकंदांची भिंत

शनिवारी सकाळी सात वाजता रुबीच्या कॅफेत जाऊन बसायचं आणि शुक्रवारी मैदानावर हरलेला सामना पुन्हा एकदा तोंडाने हरायचा, हा आमच्या ड्राय फोर्ड गावचा रिवाज आहे. जिंकलो तर मंडळी दहाला उठतात. हरलो तर बारा वाजतात, कारण हरण्यात बोलण्यासारखं जास्त असतं. त्या मोसमात आम्ही आठातले सात सामने हरलो होतो. रुबीने आमच्यासाठी कॉफीचं मोठं भांडं आणलं होतं.

माझी अडचण अशी, की शाळेच्या संघाचा क्वार्टरबॅक एमेट हा माझा नातू. प्रशिक्षक ब्रँट हा माझा जावई. आणि सामन्याचं घड्याळ चालवणारा मी. सत्तावीस वर्षं मैदानाच्या वरच्या लाकडी खोलीत बसून बटण दाबतोय. पंचाने खूण केली की घड्याळ चालू, पुन्हा खूण केली की बंद. म्हणजे गावाच्या मते आमचं एकच खानदान तिन्ही बाजूंनी संघ बुडवत होतं.

त्या शनिवारी मर्ल हाव्हलिकने तोंड उघडलं. मर्लचा नातू गस हा लाइनमधला मधला गडी, वजन एकशे वीस किलो, आणि मर्लच्या मते त्यातलं सगळं काळीजच.

"ओर्विल, तुझा नातू चेंडू फेकायला उभा राहतो की अंडी उबवायला? काल मला वाटलं, पोरगं खुडूकच बसलं."

"उबवायला तरी वेळ मिळायला नको का?" मी म्हणालो. "तुझा गस समोरच्याला अडवतो की 'या, बसा, कॉफी घेणार का' म्हणतो?"

"गसमागे उभं राहायला जिगर लागते."

"गसमागे उभं राहायला विमा लागतो!"

अख्खं कॅफे हसलं. तसा आमचा खेळ साधा आहे. लाइनच्या मधल्या गड्याने चेंडू मागे दिला की क्वार्टरबॅकने तो घेऊन चार पावलं मागे जायचं आणि पुढे धावणारा आपला गडी हेरून त्याच्याकडे फेकायचा. तोवर लाइनच्या पाच जाड्यांनी भिंत धरायची, म्हणजे समोरचे येऊन त्याला आडवा करणार नाहीत. आमच्या एमेटला आठ सामन्यांत एकतीस वेळा आडवा केला होता. मर्ल म्हणायचा पोरगं घाबरट, मी म्हणायचो भिंत कुजकी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या शास्त्रात आम्ही दोघंही पारंगत.

पण निघताना मर्लने मला दाराशी गाठलं आणि आवाज खाली आणला. "चिडू नकोस. शेवटच्या सामन्याला ब्रँट एमेटला बाहेर बसवणार म्हणे. गस सांगत होता."

जावई दर रविवारी माझ्या टेबलावर जेवतो आणि ही बातमी मला मर्लकडून कळते! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याहून जास्त वाईट वाटलं ते एमेटसाठी.

दुपारी तो माझ्या अंगणातली पानं गोळा करायला आला. उजवा कोपर सोलपटलेला, चाल साठीतल्या माणसाची. मी सरळ विचारलं.

"डॅड म्हणतात, मी आता पुढे धावणाऱ्यांकडे बघतच नाही. अंगावर येणाऱ्यांकडे बघतो."

"बघतोस का?"

"बघतो." त्याने पानं ओढायचा पंजा जमिनीवर टेकवला. "एकतीस वेळा, आजोबा. तुम्ही नसतं बघितलं?"

"मी तर दहाव्यालाच गाव सोडलं असतं."

तो हसला नाही. "शुक्रवारी बसवलं, तर पुढच्या वर्षी मी येणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

रडला असता तर मी समजूत घातली असती. पण हे त्याने पाऊस येईल म्हणावं तसं सांगितलं. पाच वर्षांचा असल्यापासून हे पोर चेंडू उशाशी घेऊन झोपलंय. त्याचं शाळेचं एक वर्ष अजून शिल्लक होतं.

ब्रँटच्या कामात नाक खुपसायचं नाही, अशी तंबी माझ्या मुलीने, जोलीनने, ऑगस्टमध्येच दिली होती. पण सामन्यांचे व्हिडिओ बघू नका, असं काही ती म्हणाली नव्हती. एमेटने जाण्यापूर्वी ते माझ्या कॉम्प्युटरवर लावून दिले. रविवारी चर्चहून आल्यावर मी टेबलाशी बसलो, स्टॉपवॉच घेतलं आणि वही उघडली. हेतू मुळीच शुद्ध नव्हता. गसने कुठे कुठे माती खाल्ली त्याची यादी करायची आणि शनिवारी रुबीकडे मोठ्याने वाचायची, एवढंच मनात होतं.

चौतीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर ट्रकांचा काटा सांभाळला. शेतकरी म्हणतो त्यावर माझा विश्वास नसतो, काटा म्हणतो त्यावर असतो. म्हणून प्रत्येक वेळी गसने चेंडू मागे दिला की स्टॉपवॉच चालू करायचं आणि भिंत फुटली की बंद, असं ठरवलं. पहिल्या वेळी अडीच सेकंद. दुसऱ्या वेळीही अडीच. गस उजवीकडे झुकला होता, 'झोपाळू' असं लिहून मी त्याखाली रेघ मारली. तिसऱ्या वेळी थोडं जास्त. चौथ्या वेळी पुन्हा अडीच.

दहाव्यानंतर मी रेघा मारायचं थांबवलं. कुजकी भिंत कधी लवकर पडते, कधी उशिरा, आणि दमल्यावर जास्त पडते. ही पहिल्या मिनिटालाही अडीच सेकंदांनी पडत होती आणि शेवटच्या मिनिटालाही. दांडग्या संघासमोरही अडीच, आणि ज्यांना आम्ही हरवलं त्या मरतुकड्यांसमोरही अडीच. एवढा नेमकेपणा मी आमच्या काट्यातसुद्धा पाहिला नव्हता.

मला उलगडेना. शेवटी मी कधी करीन असं वाटलं नव्हतं ते केलं. मर्लला फोन लावला.

"माझ्या घरी ये. गसला बघायचंय."

"शिव्या घालायला मला घरी बोलावतोस?"

"चिली केलीय. खिमा-राजम्याची, तिखट."

वीस मिनिटांत आला, आणि बायकोने केलेले दालचिनीचे रोल घेऊन आला. भांडण असलं तरी आमच्याकडे नुसती चिली कोण खाणार? आम्ही रोल चिलीत बुडवून खात खात एकतीसच्या एकतीस वेळा माझा नातू पडताना पाहिला. बारा-तेरा झाल्यावर मर्लने मला थांबवलं.

"मागे घे जरा. गसचे हात बघ. तो हरत नाहीये रे. त्याने त्या गड्याला चांगला धरलाय. मग हात खाली का सोडले?"

पुन्हा पाहिलं. खरंच, गसने हात सोडले, ताठ उभा राहिला, आणि मग तो गडी त्याच्या बाजूने पळाला. आधी नाही, मग. शेजारच्यानेही तेच केलं. पाचही जण अडीच सेकंदांनी एकदम ताठ झाले.

"शिट्टी वाजल्यावर उभे राहतात ना," मर्ल रोल चावत म्हणाला, "अगदी तसे."

"पण शिट्टी वाजलीच नाहीये."

"नाही ना. मग आपली पोरं ऐकतात काय? देवदूत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मर्लच्या मिशीला चिली लागली होती, पण मी ते सांगितलं नाही, इतका गंभीर प्रसंग होता.

सोमवारी साडेतीनला आम्ही दोघं माझ्या गाडीत बसून सराव बघत होतो. गाडी कुंपणाला लावलेली, काचा खाली, थर्मास मध्ये. सरावात क्वार्टरबॅकला लाल जर्सी असते, त्याला कोणी हात लावायचा नाही, हा सगळीकडचाच नियम. लाइन शिकवणारा माणूस मार्चमध्येच गाव सोडून गेला होता, म्हणून ब्रँट एकटाच सगळं बघायचा. गसने चेंडू मागे दिला. पाच जणांनी भिंत धरली. एमेट मागे गेला. मी स्टॉपवॉच दाबलं.

शिट्टी! अडीच सेकंद. पाचही जण हात सोडून ताठ.

पुन्हा चेंडू, पुन्हा शिट्टी. अडीच. तिसऱ्यांदा तर एमेटच्या आसपास दहा हात कोणी नव्हतं, तरी शिट्टी वाजली.

"अरे देवा," मर्ल म्हणाला. "हे कधीपासून?"

मला ठाऊक होतं कधीपासून. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये याच कोपऱ्यात, सरावातच, एक पोरगं घसरून एमेटवर कोसळलं आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. ब्रँट तीन पावलांवर उभा होता. त्यानंतर तो शिट्टी ओठांतच ठेवायला लागला, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा हिशेब मनात कधी मांडला नव्हता. पोराला कोणी धडकू नये म्हणून बाप लवकर शिट्टी वाजवत होता. भिंतीला अडीच सेकंदांनी सुटायची सवय लागली होती. आणि शुक्रवारी जिथे बापाची शिट्टी चालत नाही, तिथे पोराला एकतीस वेळा धडका बसल्या होत्या.

"तू सांग त्याला," मर्ल म्हणाला. "जावई तुझा."

"नातू दोघांचे आहेत."

"पण रविवारचं जेवण तुझ्याकडे असतं." एवढं बोलून त्याने स्वतःसाठी कॉफी ओतली आणि मूग गिळून बसला.

सराव संपल्यावर मी सामानाच्या खोलीत गेलो. ब्रँट हेल्मेटं फळीवर लावत होता. माणूस भला आहे, कष्टाळू आहे, पण त्या मोसमात त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. गावाने त्याच्याशी बोलताना हवापाण्याचा विषय काढायला सुरुवात केली होती, आणि आमच्याकडे ते वाईट लक्षण.

"ब्रँट, तुझी लाइन का फुटते ते मला कळलंय."

त्याने हेल्मेट आपटलं नाही, पण ठेवलंही नाही. "ओर्विल, तुम्ही घड्याळ सांभाळता. मी सांगायला येतो का, बटण असं दाबा म्हणून?"

"घड्याळाचंच बोलतोय. शिट्टी घे तोंडात."

"काय?"

"घे रे. सासऱ्याचं एकदा ऐकलंस तर आभाळ कोसळणार नाही. असं समज, गसने चेंडू दिलाय. सरावात वाजवतोस तशी वाजव."

वैतागून त्याने शिट्टी तोंडात धरली, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि वाजवली. मी स्टॉपवॉच त्याच्यापुढे धरलं. अडीच. "पुन्हा." पुन्हा अडीच. मग मी माझी वही त्याच्या हातात दिली. एकतीस ओळी. गसबद्दलचे माझे शेरे मी आधीच खोडले होते, नाहीतर अब्रूच गेली असती.

तो ओळी वाचत गेला. अर्ध्यावर आल्यावर बाकावर बसला.

"पोरं वाईट नाहीत," मी म्हणालो. "तू शिकवलंस तेच करताहेत. अगदी तंतोतंत."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "तो आवाज अजून येतो मला. हाडाचा. चेंडू एमेटच्या हातात गेला की येतो. मला वाटायचं मी बरोबर वेळेवर वाजवतोय." त्याने तोंड पुसलं. "म्हणजे मीच पाडलं त्याला."

टोमणा मारायला एवढी सुरेख जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि मला एकही सुचला नाही. मला त्याचा फार लळा आहे, हे त्या खोलीत, हेल्मेटांच्या त्या वासात मला पहिल्यांदा नीट कळलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमच्याकडचे पुरुष ठेवतात तसा, दोनदा थोपटून लगेच काढून घेतला.

"उद्या शिट्टी तुम्ही वाजवा," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

मंगळवारी मी मैदानात उभा राहिलो, गळ्यात शिट्टी. ब्रँट बाजूला पाठ करून उभा होता. त्याने मुलांना काहीच सांगितलं नव्हतं. गसने चेंडू दिला. अडीच सेकंद झाले. पाचही जण हात सोडून ताठ झाले, समोरचे चार गडी आत घुसले, आणि लाल जर्सीपाशी येऊन गोंधळून थांबले. एमेट डोकं हातांत धरून खाली बसला होता.

गस माझ्याकडे वळला. "ओर्विल आजोबा, शिट्टी?"

"कसली शिट्टी?"

"वाजवायची."

"का? खेळ संपला का? तू का थांबलास?"

गसने हेल्मेट मागे सरकवलं. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एकशे वीस किलोच्या पोराच्या चेहऱ्यावर एखादी गोष्ट हळूहळू उगवताना बघणं फार मौजेचं असतं. "मी... नेहमी इथेच थांबतो," तो म्हणाला. मग शेजारच्याला विचारलं, "आपण नेहमी इथेच थांबतो का रे?"

मग ब्रँट वळला. पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे. तुमची नाही." एमेटकडे त्याने पाहिलं नाही, पण बोलला त्याच्यासाठीच. "शुक्रवारी तूच खेळशील. आता उठ."

दोन दिवसांत माणूस बदलत नाही, सवयीला फक्त कळतं की कोणीतरी बघतंय. गुरुवारपर्यंत भिंत कधी तीन धरायची, कधी चार, कधी जुन्या आठवणीने अडीचलाच सुटायची आणि मग पाच जण एकमेकांना शिव्या घालायचे. कुंपणावरून मर्ल त्यात भर घालायचा.

शुक्रवारचा शेवटचा सामना मॅकनीलविरुद्ध होता. त्यांचे गडी आमच्यापेक्षा मोठे आणि त्यांचा बँडही मोठा. मी वर घड्याळापाशी. एमेटला पहिल्या भागात तीनदा पाडलं. तिसऱ्या वेळी जोलीनचा आवाज मला काचेतून ऐकू आला. पण ते तीनही वेळा समोरचे खरोखर जिंकून आत आले होते, कोणी हात सोडले नव्हते. खेळात पडणं आणि असं पडणं यात फरक आहे, आणि तो एमेटलाही कळत असावा, कारण प्रत्येक वेळी तो लवकर उठला. दोनदा त्याने चेंडू लांब फेकला. एकदा धावणाऱ्याने तो झेलला, एकदा हातातून सोडला. आम्ही चार गुणांनी मागे होतो, चार मिनिटं बाकी.

मग ती वेळ आली. गसने चेंडू दिला. एमेट मागे गेला. दोन सेकंद. अडीच. भिंत उभी होती. तीन. माझं बोट बटणावर होतं आणि मी तोंडाने मोजत होतो. चार. समोरचा एक जाडा गसच्या छातीवर डोकं आपटत होता आणि गस जागचा हलत नव्हता. एमेटने पुढे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आमचे दोन गडी मोकळे धावत होते, हात वर करून. पाच. मर्ल खालून ओरडला, "अरे फेक ना बाळा!" पण एमेट उभाच. चेंडू हातात, तोंड किंचित उघडं. पोराला आयुष्यात कधी पाच सेकंद मिळाले नव्हते, त्यांचं काय करायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं! सहाव्याला मागून वळसा घालून एकाने येऊन त्याला झोपवला.

गस धापा टाकत वळला. दुसऱ्या दिवशी त्याचे शब्द अख्ख्या गावाला पाठ झाले होते.

"एमेट! आम्ही तिथे मरतोय आणि तू काय देखावा बघत होतास? आणखी किती वेळ हवा होता? तंबू आणून देऊ का?"

एमेट पाठीवर पडूनच हसायला लागला. पोट धरून. लाइनचे पाचही जण हसायला लागले, पंचाने रागावून हात हलवले, आणि खाली मैदानाच्या कडेला ब्रँट, ज्याला मी ऑगस्टपासून हसताना पाहिलं नव्हतं, त्याने टोपी तोंडावर घेतली. बारा महिन्यांत पहिल्यांदाच पोर पडलं ते स्वतःच्या चुकीने, आणि ते त्याला झेपत होतं.

पुढच्या खेळीत त्याने चेंडू साडेतीन सेकंदांनी फेकला, डोळे पुढे ठेवून. झेलला गेला. तरीही आम्ही हरलो, चारच गुणांनी. नऊतले आठ.

दिवे मालवायच्या आधी मी जिना उतरून खाली आलो. ब्रँट कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभा होता.

"किती वेळा पाडलं आज?" त्याने विचारलं.

"चार."

"लागलं असेल."

"लागलंच असेल. जाऊन विचार की."

त्याने दार थोडं ढकललं. आतून गसचा आवाज आला, तो म्हणत होता की पुढच्या वर्षी मी सहा सेकंद धरीन, सात धरीन, पण तू डोळे उघडे ठेव. त्यावर एमेट ओरडत होता की उन्हाळाभर रोज सकाळी सहाला मैदानावर ये, मग बघू कोण आधी दमतं ते. बाकीचे चौघं दोघांनाही शिव्या घालत होते.

ब्रँट क्षणभर ऐकत राहिला. मग त्याने दार आवाज न करता ओढून घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला. "त्यांचं चाललंय."